पानगळ आणि कागदी पेला

जपानात नोकरी करणाऱ्या मंडळींच्या हातात वर्षातून एकदा तो कागदी पेला येतोच. कंपनीची वार्षिक आरोग्यतपासणी, म्हणजे 'केन्को-शिन्दान'. उंची, वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, आणि मध्येच कुठेतरी तो पेला घेऊन स्वच्छतागृहाकडे जायचं. लघवी हा शब्द आपण मराठी माणसं चारचौघांत उच्चारत नाही. या लेखात तो बऱ्याचदा येणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं, कारण तो न उच्चारण्याची किंमत मोठी असू शकते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

झालं असं. एका जून महिन्यातल्या तपासणीच्या अहवालात 'न्यो-सेन्केत्सु', म्हणजे लघवीतलं डोळ्यांना न दिसणारं रक्त, या रकान्यात '१+' असं आलं. शेजारी 'साइकेन्सा' (पुन्हा तपासणी) हे कांजी छापलेलं होतं. ते आम्हाला वाचता आलं नाही, असं म्हणायला जागा नाही. पण तेव्हा कारखान्यात नवीन लाइन सुरू व्हायची होती. कागद खणात गेला. वर गॅसची बिलं आणि मुलांच्या शाळेची पत्रकं साठत गेली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्याच रकान्यात '–' आलं. आम्ही खूश. चला, आपोआप बरं झालं!

त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही सहकुटुंब कोरानकेईला गेलो. नागोयाकरांना हे ठिकाण सांगायला नको. असुके गावाजवळची ती नदीकाठची दरी, चार हजारांच्या आसपास मेपलची झाडं, सगळीकडे लाल. घरी परतल्यावर संध्याकाळी स्वच्छतागृहात गेलो, तर तिथेही लाल. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. आम्ही खापर फोडलं डब्यातल्या बीटाच्या कोशिंबिरीवर. (बीटामुळे काहींच्या लघवीला लाली येते, हे खरं आहे. म्हणूनच ही सबब फार सोयीची.) तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं, आणि आम्ही विषय संपवला.

सौ.ने मात्र तो संपवला नाही. तिने खण उपसला आणि तो जुना कागद जेवणाच्या टेबलावर, आमच्या ताटाशेजारी ठेवला. "अहो, ही तारीख बघा. दीड वर्ष झालं याला."

पुढचं थोडक्यात सांगतो. 'हिन्योकिका', म्हणजे मूत्रविकार विभागात मूत्रमार्गातून बारीक लवचिक दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात. समोरच्या पडद्यावर आम्हीही पाहिलं. गुलाबी, गुळगुळीत भिंत, आणि एका कोपऱ्यात पोवळ्याच्या झुडपासारखा छोटासा कोंब. तो भूल देऊन दुर्बिणीतूनच खरवडून काढला. अहवाल आला: कर्करोग, पण वरवरचा, स्नायूत न शिरलेला, सौम्य प्रतीचा. आमचं नशीब. आता ठराविक महिन्यांनी ती दुर्बीण आणि आम्ही, अशी गाठ ठरलेली. कारण हा रोग काढला तरी पुन्हा पुन्हा उगवण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही डॉक्टरांना विचारलंच, "दर वेळी पेला भरून देतोच आहोत. जे काय असेल ते लघवीतच का नाही कळत? दुर्बीण कशाला?" डॉक्टर हसले. म्हणाले, "पेशंटचा हा प्रश्न असतो, आणि आमचाही हाच आहे." त्या उत्तराने आम्ही वाचायला बसलो. आम्ही डॉक्टर नाही, यंत्रांशी झटापट करणारा माणूस. तेव्हा जे उमगलं ते आमच्याच भाषेत मांडतो.

स्वतःहून थांबणारा माग

नागोया स्टेशनाजवळ तोयोता समूहाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. भारतातून पाहुणे आले की आधी किल्ला आणि मग हे संग्रहालय, असा आमचा शिरस्ता आहे. तिथे साकिची तोयोदा यांचा १९२४ सालचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग आहे. त्याची खुबी अशी की ताण्याचा एक धागा तुटला तरी माग स्वतःहून थांबतो. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. याच कल्पनेला पुढे 'जिदोका' म्हणू लागले, आणि आजचे मोटारींचे कारखाने तिच्यावर चालतात.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अशीच जिदोका घेऊन जन्माला येते. पेशीच्या केंद्रकातला आराखडा, म्हणजे डीएनए, बिघडला की 'पी-५३' नावाचं प्रथिन तपासनिसासारखं पुढे येतं. आधी विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशी स्वतःचा शेवट करून घेते. त्याची रीतही ठरलेली. पेशी आक्रसते, 'कॅस्पेज' नावाच्या कात्र्या आतली प्रथिनं तोडतात, डीएनएचे तुकडे होतात, सगळ्याची छोटी छोटी पुडकी बांधली जातात आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. आरडाओरडा नाही, सूज नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज पाच ते सात हजार कोटी पेशी अशा निमूट जातात.

उलट मार लागून, भाजून किंवा विषाने पेशी मरते तेव्हा ती फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह होतो. मरण दोन्हीकडे आहे, पण एक नियोजित निवृत्ती आणि दुसरा अपघात.

या नियोजित मरणाला १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेर करी या तिघांनी 'अपॉप्टोसिस' असं नाव दिलं. अॅबर्डीनच्या ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी सुचवलेला तो शब्द. अर्थ, झाडावरून पानं गळणं. आपल्याकडे त्याला सरळ, सुंदर शब्द आहे: पानगळ. कोरानकेईला आम्ही नेमके त्याखालीच उभे होतो!

शब्द नुसता काव्यमय नाही, अचूकही आहे. पान वाळलं म्हणून गळत नाही. झाड जिवंत असतं म्हणून देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार करून ते पान सोडून देतं. वाऱ्याने मोडून लटकलेली फांदी पाहा. तिची पानं वाळून करकरीत होतात, पण गळत नाहीत. गळण्यासाठीही जिवंतपणा लागतो. कर्करोगाची पेशी म्हणजे असं न गळणारं पान. फरक इतकाच की ते वाळतही नाही, वाढत राहतं.

आईच्या पोटात आपल्या हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पडद्याच्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट असंच जातं. एका सूक्ष्म कृमीत तर शास्त्रज्ञांनी हिशेबच मांडला. त्याच्या वाढीत १०९० पेशी जन्मतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात, उरतात ९५९. या कामाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. जपानचा वाटाही मोठा. बाहेरून 'आता मर' असा हुकूम घेणारा पेशीवरचा 'फास' नावाचा ग्राहक आहे. त्याचं जनुक १९९१ साली ओसाकात शिगेकाझु नागाता यांच्या गटाने हुडकलं.

मुंबईतही या विषयाची जुनी पायवाट आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून घेतलं आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. याच गाय यांच्याकडे १९५१ साली 'हेला' पेशी वाढू लागल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जगताहेत. मरायचं विसरलेल्या पेशी!

मूत्राशयच का?

मूत्राशय म्हणजे शरीराची सांडपाण्याची टाकी. रक्तातली विषं मूत्रपिंडं गाळतात आणि ती या टाकीत तासन्‌तास साठून राहतात. आतलं अस्तर मुळात शांत, आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं तर याला महिने लागतात. पण विष सतत लागत राहिलं की शांतता मोडते.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते रंगाच्या कारखान्यांत. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली कृत्रिम रंग बनवणाऱ्या कामगारांतला मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला. पुढे बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमीन ही रसायनं दोषी ठरली, आणि जपानात १९७२ च्या कामगार सुरक्षा कायद्याने त्यांच्या उत्पादनावर बंदी आली. पण गोष्ट तिथे संपली नाही. नागोयाच्या उत्तरेला, गिफूपलीकडच्या फुकुई प्रांतात एका कारखान्यातल्या अनेक कामगारांना हाच रोग झाल्याचं २०१५ च्या डिसेंबरात जाहीर झालं. रसायन होतं ऑर्थो-टोल्युइडिन. ते मुख्यतः कातडीतून शरीरात शिरलं होतं. २०१६ साली सरकारने तो व्यवसायजन्य रोग मानला.

आपण रंगाच्या कारखान्यात नाही, असं म्हणून कुणी सुटत नाही. तेच बीटा-नॅफ्थिलअमीन सिगारेटच्या धुरात असतं. मूत्राशयाच्या कर्करोगाचे जवळजवळ निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुराच्या खात्यावर जमा होतात. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना टपरीवर उभं राहून आम्ही जी 'कटिंग आणि एक' ची चैन केली, आणि इथे आल्यावरही काही वर्षं चालू ठेवली, तिचं बिल कुठे फाटलं असावं, हे आता आम्हाला कळलंय.

नागोयाचे उंदीर आणि सॅकरीन

आता आपल्या गावाची गोष्ट. साकुरायामा स्टेशनाजवळ नागोया शहर विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्राध्यापक नोबुयुकी इतो यांचा गट मूत्राशयाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम करत होता. 'बीबीएन' या रसायनाने उंदरांच्या मूत्राशयात ठरवून कर्करोग घडवता येतो. १९८० च्या सुमारास या गटाने आधी थोडं बीबीएन आणि नंतर खाण्यातून भरपूर सॅकरीन असा प्रयोग केला. अस्तराची वाढ सॅकरीनने आणखी फोफावली.

तेव्हा जगभर सॅकरीनचा धसका होता. कॅनडाने १९७७ साली त्याच्यावर बंदी आणली, अमेरिकेत वेष्टणावर इशारा छापावा लागला. लहानपणी बर्फाचा गोळा चोखताना "त्यात सॅकरीन असतं" म्हणून ओरडा खाल्लेले वाचक आमच्यासारखे बरेच असतील. पुढे उलगडा झाला तो असा. नर उंदराच्या लघवीत मोठ्या मात्रेच्या सॅकरीनमुळे कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होतात. ते अस्तरावर घासतात, पेशी मरतात आणि झीज भरून काढायला अस्तर घाईघाईने नव्या पेशी काढतं. माणसाच्या लघवीत हे घडत नाही. म्हणून २००० साली अमेरिकेने सॅकरीन कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून वगळलं.

आमच्या मते यातला धडा सॅकरीनपेक्षा मोठा आहे. पेशी मरते म्हणजे चांगलंच होतं, असं नाही. शिस्तीतली पानगळ राखण करते, तर अपघाती मरणामागून येणारी घाईची भरती चुकांना वाव देते. लाइन बंद पडल्यावर तुटवडा भरून काढायला रात्रपाळीत काढलेल्या मालात दोष जास्त निघतात, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको.

पेल्यात काय सापडतं?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे. गाठीच्या पेशी आणि त्यांचा केरकचरा लघवीत येतो, हे तर उघड आहे. मग त्यावरून निदान का होऊ नये?

सर्वांत जुनी रीत म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी ती १९४५ साली मांडली. तिने 'आहे' म्हटलं तर बहुधा असतंच, पण सौम्य गाठी तिच्या हातून निसटतात. त्या पेशी दिसायला फारच सभ्य असतात.

दुसरी रीत केरकचरा मोजण्याची. 'एनएमपी-२२' हे केंद्रकातलं प्रथिन पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी नीट व्हावी म्हणून राबतं. गाठीच्या पेशींत ते फार जास्त असतं, आणि पेशी मरताना बाहेर पडतं. म्हणजे ही खूण मेलेल्या पेशींची आहे. अमेरिकेत तिला १९९६ साली मान्यता मिळाली. अडचण लगेच लक्षात येईल. मुतखडा झाला, जंतुसंसर्ग झाला, तरी पेशी मरतातच. कारखान्याच्या दारातल्या भंगारावरून आतलं कोणतं यंत्र बिघडलंय ते ओळखण्यासारखं हे आहे.

तिसरी रीत आम्हाला सर्वांत मनोरंजक वाटली. 'सर्व्हायव्हिन' नावाचं प्रथिन पेशीची पानगळ रोखतं. मागाच्या थांबण्याच्या खटक्यात कुणीतरी पाचर ठोकून ठेवावी, तसं. निरोगी प्रौढ शरीराच्या बहुतेक भागांत ते जवळजवळ नसतं, गाठीत मात्र असतं. १९९७ साली ते सापडलं. २००१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या ४६ पैकी ४६ रुग्णांच्या लघवीत ते मिळालं. शंभर टक्के! पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ही चकाकी टिकली नाही, आणि ती चाचणी रोजच्या वापरात आली नाही. नमुना लाइनवर उत्तम चाललेलं यंत्र प्रत्यक्ष उत्पादनात रडवतं, तशातलाच प्रकार.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी एक हिशेब. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणं किंवा धोका असलेल्या १३३१ लोकांची तपासणी झाली. त्यांपैकी ७९ जणांना कर्करोग निघाला. एनएमपी-२२ ने त्यांतले ४४ पकडले, ३५ सोडले. पेशी पाहण्याच्या रीतीने ७६ पैकी फक्त १२ पकडले. शिवाय कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे १८० च्या आसपास लोकांना एनएमपी-२२ ने विनाकारण घाबरवलं. थोडक्यात, 'हो' असं उत्तर मिळालेल्या पाच जणांत खरा रोगी एक. आणि 'नाही' म्हटलं म्हणून झोपावं, तर ते ३५ जण आठवावेत.

मग चाचणी टाकाऊ का? तसंही नाही. याच अभ्यासात पहिल्या दुर्बीण-तपासणीत न दिसलेले चार कर्करोग या चाचणीने दाखवले, आणि त्यांतले तीन स्नायूत शिरलेले होते. म्हणजे दुर्बिणीलाही चुका असतात. दोन वेगवेगळे तपासनीस वेगवेगळ्या चुका करतात, म्हणून दोघांना कामावर ठेवायचं. पण एकाला काढून दुसऱ्यावर भिस्त ठेवायची वेळ अजून आलेली नाही. डॉक्टरांच्या हसण्याचा अर्थ हा होता.

दंडावरची खूण

पाचर ठोकलेला माग थांबवायचा कसा? याचं एक उत्तर आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. बीसीजी. क्षयाची ही लस मूत्राशयात सोडली तर गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाण घटतं, हे कॅनडातल्या किंग्स्टनचे अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखवलं. सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा. जंतू पाहून रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि त्या गर्दीत गाठीच्या पेशींनाही 'आता मर' असा हुकूम सुटतो. जास्त धोक्याच्या वरवरच्या गाठींवर आजही हाच मुख्य उपाय आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या कामासाठी वेगळी बीसीजी बनवते. आम्हाला ती लागली नाही, पण इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना लागणार होती. त्यांनी कौतुकाने आमचा दंड पाहिला. आपल्याकडे एकच गोल व्रण असतो. इथे नऊ सुयांचा शिक्का दोनदा उमटवतात, म्हणून आमच्या मुलांच्या दंडावर अठरा ठिपके!

दुसरं उत्तर क्योतोतलं. १९९२ साली तासुकु होंजो यांच्या गटात पेशींच्या नियोजित मरणाचं जनुक शोधताना एक जनुक हाती लागलं. नाव त्यावरूनच पडलं, 'पीडी-१', म्हणजे 'नियोजित मरण क्रमांक एक'. पुढे कळलं की तो रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक आहे. हा ब्रेक सोडवणारी औषधं आज पुढच्या टप्प्यातल्या मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरतात. होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

शेवटी खणाबद्दल

एवढं सगळं वाचून आमच्या हाती आलं ते साधंच आहे. लघवीतून रक्त एकदा जरी दिसलं, न दुखता दिसलं, दोन दिवसांत थांबलं, तरी दाखवायचं. ते थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. आमच्या त्या '–' ने आम्हाला हेच शिकवलं. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, बीटाने नव्हे. बायकांनी तर जास्तच जपावं, कारण त्यांचं रक्त जंतुसंसर्गाच्या किंवा पाळीच्या नावावर सहज खपून जातं. इथल्या दवाखान्यात 'केत्सुन्यो', म्हणजे लघवीतून रक्त, एवढा एक शब्द उच्चारला तरी पुढचं सगळं ते समजून घेतात. आणि रविवारी गावी फोन कराल तेव्हा आईबाबांनाही आडवळणाने का होईना, विचारा. आपल्यासारखाच त्यांच्याकडेही एक खण असतो.

आमची पुढची दुर्बीण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्यानंतरच्या शनिवारी कोरानकेईला जायचं ठरलंय. डबा सौ. करणार आहे. कोशिंबीर काकडीची.